कॅथलॅबमधल्या अनाम हातांचे आभार

कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून उघडतात त्या खोलीत, हार्ट अटॅकच्या रुग्णाची मूत्रपिंडं सांभाळणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार.

नुसत्या क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडं गाळून टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) न थांबता वय धरून ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज) काढणाऱ्यांचे आधी. बारीक अंगाच्या वृद्धेचं १.२ क्रिएटिनिन निरुपद्रवी दिसतं, पण गाळणक्षमता ६०च्या खाली असू शकते. आणि तिथूनच रक्तस्राव व मृत्यूचा धोका वाढू लागतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (गाळणक्षमतेचंच आणखी एक माप) ३०च्या खाली दिसताच एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन दिवसातून दोनदाऐवजी एकदाच लिहिणाऱ्या फार्मासिस्टचे विशेष. हा डोस चुकला, की स्टेंट उत्तम बसूनही रुग्ण रक्तस्रावाने खचतो.

रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचलेल्या, पण मूत्रपिंडाला जड जाणाऱ्या डायचा प्रत्येक मिलिलिटर मोजून 'ईजीएफआरच्या तिप्पट होत आला' असं मोठ्याने सांगणारे तंत्रज्ञ (हे ऐकायला कुणाला आवडत नाही!), आणि किलोमागे ताशी १ मिली सलाईन लावताना हृदयाचं पंपिंग कमी असेल तर ते निम्म्यावर आणणाऱ्या नर्स. कोरडेपणा मूत्रपिंडाला मारक, जादा पाणी फुफ्फुसाला.

मूत्रपिंड कमजोर म्हणून बंद झालेली मुख्य रक्तवाहिनी उघडायचं न टाळणाऱ्यांचेही आभार. आणि डाय दिल्यानंतर ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासून, ०.३ची वाढ दिसताच फोन करणाऱ्यांचे.