दाबलेला हात उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अतिरक्तस्रावामुळे रुग्णालयात नेण्यापूर्वीच मृत्यू’ हे वाक्य अपघाताच्या बातम्यांत इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून पुढे निघून जाते. माझी जात नाही. मी ३२ वर्षे अपघात विभागात परिचारिका होते. हातापायाच्या जखमेतले रक्त बाहेरून दाबून थांबवता येते आणि तरीही माणसे त्याच जखमांनी जातात, हे मी फार जवळून पाहिले आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले २ लिटर गेले की जिवावर बेतते. मांडीची मुख्य धमनी तुटली तर तेवढे रक्त जायला मोजकी मिनिटे पुरतात. तोवर रुग्णवाहिका वाटेतच असते. त्या वेळी जखमीजवळ जो कोणी असेल, तोच त्याचा डॉक्टर.

एक तरुण अजून डोळ्यांसमोर आहे. काचेचे तावदान फुटून त्याचा हात कोपराच्या खाली आतल्या बाजूने खोल चिरला होता. सोबतच्या मित्राने जिवाचे रान केले होते. जखमेवर रुमाल धरला होता, पण थांबले का ते बघायला घटकेघटकेला उचलत होता. दंडाला दोरी बांधली होती. तिच्याखालून माझे बोट सहज गेले. मित्राचा शर्ट कमरेपर्यंत रक्ताने भिजलेला, आणि तो तरुण पांढराफटक पडून ‘थंडी वाजतेय’ एवढेच पुटपुटत होता. तो वाचला. मित्र मात्र रात्रभर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, ‘माझं काय चुकलं?’ त्याला नीट उत्तर द्यायला तेव्हा सवड नव्हती.

पहिले चुकले ते रुमाल उचलणे. गुठळी धरायला सलग काही मिनिटे लागतात, आणि कापड उचलले की नुकती धरलेली गुठळीही त्याच्याबरोबर निघते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे आणि जोर वाढवावा. जखमीला आडवे करायचे, तळव्यावर तळवा ठेवायचा, कोपरे ताठ करून अंगाचा सगळा भार टाकायचा आणि घड्याळ लावून किमान १० मिनिटे हात हलू द्यायचा नाही. जखम खोल असेल तर वरचा दाब तळाशी पोहोचतच नाही. तेव्हा कापडाचा बोळा बोटाने अगदी आतपर्यंत, रक्त येते त्या जागेवर कोंबायचा आणि मग दाबायचे. जांघेत आणि काखेत तर हाच उपाय, कारण तिथे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा बांधता येत नाही. जखमी कळवळतो, हात ढकलतो, आणि दाबणाऱ्याचे मन कच्चे पडते. पडू देऊ नये. कापड निर्जंतुक नसले तरी चालेल. संसर्गावर नंतर औषध देता येते. आपल्या हातात मोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी चढवावी. जखमेत काही रुतले असेल तर मात्र ते उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे.

दुसरी चूक ती दोरी. धमनी खोल असते आणि तिच्यातला दाब मोठा. शिरा वरवर असतात. बांधलेले सैल राहिले तर शिरा बंद होतात आणि धमनी चालूच राहते. रक्त येत राहते, परत जात नाही, आणि जखमेतून उलट जास्त वाहते. पट्टा बांधायचा तर रुंद हवा, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा सोडून. त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. वेळ लिहून ठेवायची. आम्हाला शिकताना सांगितले होते की अधूनमधून तो सैल करावा. आता तसे शिकवत नाहीत. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांतल्या अनुभवानंतर हे मत पालटले. २ तासांपर्यंत पट्ट्याने सहसा अवयव जात नाही. सैल करायचा तो डॉक्टरांनीच.

झां-लुई पेती या फ्रेंच शल्यविशारदाने स्क्रू फिरवून आवळण्याचे साधन १७१८ मध्ये पुढे आणले. तीनशे वर्षे झाली, तरी प्रथमोपचाराच्या पेट्या उघडल्या की बोटाला लावायच्या चिकटपट्ट्या आणि मलमच निघते! खरचटल्याने कोणी मरत नाही. आवळपट्टा आणि गॉजची मोठी गुंडाळी नसलेली पेटी भिंतीवर टांगून काय उपयोग, हे ती टांगणाऱ्यांनी मला सांगावे.

अपघाताच्या बातमीशेजारी रक्ताळलेल्या रस्त्याचे छायाचित्र आपण छापता. त्या जागेत कधीतरी दाबणाऱ्या दोन हातांचे चित्र छापावे, कोपरे ताठ असलेले, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका