०.५, ०.५, ०.५

प्रिय मित्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून आधी दोन मिनिटं ते न उघडता बसशील, हे मला माहीत आहे. चौदा महिने झाले. तू दोनदा मेसेज केलास, एकदा फोन केलास. मी "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" असं कळवलं, आणि ते नंतर काही आलंच नाही. कारणं देत बसत नाही. चुकलो. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. माझं बीपी गोळीवर आहे. आमचं एवढंच.

लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात जे झालं ते घरी दोनदा सांगून पाहिलं. सगळ्यांनी मनापासून ऐकलं, धीर दिला. पण त्यात ती वही मधे का येते, हे कुणाला कळेना. तुला कळेल. तुलाच कळेल.

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास प्रयोगशाळेतून फोन आला. शेवटच्या टाकीच्या झोनमधल्या अगदी टेल एंडच्या, म्हणजे लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या नळाचा नमुना, ई-कोलाय (मैल्यातला जंतू) पॉझिटिव्ह. पहिलं काम केलं ते त्या झोनची क्लोरीनची वही मागवण्याचं, नळाच्या पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्लोरीन उरलं ते जिच्यात रोज लिहितात ती. उघडली आणि पोटात गोळा आला. सकाळी ०.५, संध्याकाळी ०.५, दुसऱ्या दिवशी ०.५, ०.५. अकरा दिवस. एकाच पेनची शाई, शून्याचं पोट तेवढंच गोल, एकही आकडा खोडलेला नाही. टेल एंडचं पाणी असं वागतं का रे कधी? उन्हाचा चटका वाढला की क्लोरीन उतरतं, गढूळपणा आला की खाल्लं जातं, टाकीत पाणी जास्त वेळ बसलं की कमी होतं. एक दिवस ०.३, एक दिवस ०.२, मधेच ०.६. खरा आकडा हलतो.

आणि तिथेच मला तू दिसलास. जुन्या पंप हाउसच्या पायरीवर, मांडीवर अशीच एक वही घेऊन बसलेला. नऊ वर्षं झाली त्याला. तू म्हणाला होतास, "ही नोंद पाण्याची नाही, पेनची आहे." आणि मी म्हणालो होतो, "कुणी आजारी पडलंय का? मग कशाला त्या माणसाला छळतोस?" त्यावरून तू चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. त्या चार महिन्यांत माझी छत्री मात्र रोज न विचारता नेत होतास, ते मी विसरलेलो नाही. पण बरोबर तू होतास. हे नऊ वर्षांत कधी सांगितलं नाही, आज लिहून देतो.

ओटीची, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनची बाटली प्रयोगशाळेतून उचलली आणि स्वतःच गेलो. नळ दोन मिनिटं वाहू दिला, नळी धुऊन घेतली, रेघेपर्यंत पाणी भरलं, थेंब टाकले, बूच लावून हलवलं. मोबाईलच्या उजेडात पांढऱ्या कागदापुढे धरली. पिवळ्याची छटासुद्धा नाही. परत केलं. परत नाही. शेजारच्या घरातली एक मुलगी हंडा घेऊन मागे उभी होती, माझं आटपायची वाट बघत. तिला म्हटलं, बाळा, आज हे पाणी भरू नकोस.

मग वर फोन केला. वरून जे आलं ते तू शब्द न् शब्द ओळखशील: दुसरा नमुना लागू दे, उद्या संध्याकाळपर्यंत कळेल, उगाच घबराट नको. खरं सांगतो, पाच मिनिटं मलाही ते पटलं. एक नमुना चुकू शकतो. घेणाऱ्याचा हात लागलेला असू शकतो. पण ई-कोलायचा निकाल यायला चोवीस तास लागतात, आणि लोक पाणी आत्ता पितात. डोक्यात वॉकर्टन घोळायला लागलं. आठवतं ना, तू मला त्या चौकशी अहवालाची जाडजूड प्रिंट दिली होतीस आणि मी ती वर्षभर टेबलाखाली पाय ठेवायला वापरली? त्या भांडणानंतर वाचून काढली होती. कॅनडातलं छोटंसं गाव, मे २०००. पावसाने शेतातलं शेण विहिरीत उतरलं, सात माणसं गेली, दोन हजारांच्या वर आजारी पडली. प्रयोगशाळेचा निकाल १७ तारखेलाच हातात आला होता. आरोग्य विभाग विचारत राहिला, आणि पाणीपुरवठ्याच्या लोकांकडून पाणी चांगलं आहे असंच उत्तर मिळत राहिलं. शेवटी २१ तारखेला आरोग्य विभागानेच आपल्या जबाबदारीवर "पाणी उकळून प्या" म्हणून सांगितलं. आणि तिथल्या वहीत काय होतं? ०.५ आणि ०.७५. न मोजता लिहिलेले.

इंग्लंडमधलं कॅमलफर्डही आठवलं. जुलै १९८८. बदली टँकरवाल्याने वीस टन अॅल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत सोडलं, म्हणजे आपण रोज वापरतो तीच तुरटी. माणसाकडून चूक होते. पण लोक तक्रारी करत असताना पाणी पिण्यालायक आहे असं सांगत राहणं आणि खरं कारण दोन आठवड्यांच्या वर दाबून ठेवणं, ती चूक नव्हे.

साडेनऊला गाडीवर भोंगा लावून पाठवला. मजकूर मी लिहिला, चार वाक्यांचा: तुमच्या भागातल्या पाण्यात दोष आढळला आहे, कारण शोधतो आहोत, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळून मगच प्या, उद्या सकाळी सातला पुन्हा सांगू. "खबरदारीचा उपाय म्हणून" हे शब्द कुणीतरी घातले होते, ते मी काढले. ते शब्द ऐकले की माणूस पाणी उकळत नाही.

कारण रात्री बाराला सापडलं. गल्लीतली मैलापाण्याची लाइन चोकअप, चेंबर तुंबून भरलेला, आणि त्याच चेंबरच्या कडेने एक जुनी गंजलेली नळजोडणी गेलेली. दिवसातून दोन तास पाणी सोडतो आपण. उरलेले बावीस तास पाइप रिकामा, आणि रिकामा पाइप बाहेरचं आत ओढतो. क्लोरीन टाकीवर बरोबर पडत होतं रे, तिथे काही बिघाड नव्हता. वाटेत मैल्याने ते खाऊन टाकलं. म्हणजे टेल एंडला रोज एक मिनिटाची टेस्ट झाली असती, तर पहिल्याच दिवशी शून्य दिसलं असतं. अकरा दिवस आधी.

तिथे अजून एक गोष्ट झाली. मी पोचलो तेव्हा ठेकेदाराचा एक मुलगा शर्ट काढून, कमरेला दोर बांधून चेंबरच्या तोंडाशी बसला होता. विशीचा असेल. "साहेब, पाच मिनिटांत मोकळं करतो." वरून लोक ओरडत होते, उतरू द्या त्याला. मी त्याला हाताला धरून उठवलं. त्याला विचारलं, वास येतोय का? म्हणाला, मघाशी येत होता, आता नाही. माझ्या अंगावर काटा आला. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, वास जातो, आणि माणसाला वाटतं हवा सुटली. २०१३ च्या कायद्याने असं उतरवणं बंद झालंय हे ठेकेदाराला माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याच्या जोराने लाइन मोकळी करणारं यंत्र, दुसऱ्या झोनमधून यायला तीन तास लागले. त्या तीन तासांत मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या कॉलेजात तूही मला दिल्या नसशील. मशीन आलं, अर्ध्या तासात लाइन मोकळी झाली. मुलगा शर्ट घालून फुटपाथवर झोपून गेला होता.

२७ जण आजारी पडले, तिघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळे घरी परत आले आहेत. हे वाक्य लिहिताना हात थोडा हलतोय.

आता खरं दुखणं. वही लिहिणारे मामा. तेच आपले, रात्रपाळीला रेडिओ कानाशी धरणारे. शुक्रवारी सकाळी बोलावलं. खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "ओटी संपली होती साहेब. दोनदा लिहून दिलं." मी विचारलं, मग आकडे कसे लिहिलेत? तर म्हणाले, "पाणी बघून घेत होतो, वास घेत होतो. मी स्वतः तेच पितो." वॉकर्टनचे ऑपरेटरही तेच पाणी प्यायचे, बिनक्लोरीनचं, थेट विहिरीवर. त्यांना खरंच वाटत होतं की पाणी चांगलं आहे.

मामांचे दोन्ही अर्ज शोधले. पहिला बाटली तळाला लागली तेव्हाचा, दुसरा ती संपली त्या दिवशीचा. दोन्ही एका फाईलमध्ये होते, फाईल माझ्या टेबलावर होती, आणि तिच्यावर शेरा होता "चर्चा करावी". खाली सही माझी.

एवढ्यावर संपत नाही. मामांच्या टेबलामागे भिंतीवर एक परिपत्रक चिकटवलंय. तीन वर्षांपूर्वीचं. "नोंदवहीतील कोणताही रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा रकाना आढळल्यास संबंधितांस जबाबदार धरण्यात येईल." तेही माझंच. बाटली नाही आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही. मग त्या माणसाने काय लिहायचं होतं? तू असतास तर परिपत्रक निघाल्या दिवशीच माझ्या केबिनमध्ये येऊन ते फाडलं असतंस.

चौकशीचा मसुदा वरून तयार होऊन आलाय. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा व खोटी नोंद." मी सही करायची, मामा निलंबित, विषय बंद. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या. आणि त्यातलं "खोटी नोंद" हे खरं आहे, ते मी झाकणार नाही. नऊ वर्षांपूर्वी तेच झाकलं होतं. पण वॉकर्टनच्या चौकशीत न्यायमूर्ती ओ'कॉनर ऑपरेटरपाशी थांबले नव्हते. त्यांनी प्रांताच्या सरकारने केलेली खर्चातली कपात पाहिली, तपासणीतल्या ढिलाया पाहिल्या, आणि विहिरीवर सतत क्लोरीन मोजणारं यंत्र असतं तर हा अनर्थ टळला असता हेही लिहून ठेवलं. मामांना एकट्याला धरलं, तर उद्या बाकीचे सगळे ०.५ च लिहितील, फक्त शाई बदलून बदलून.

ती मैल्याची लाइन बदलायच्या यादीत चार वर्षं आहे. दरवर्षी पैसे नव्या जोडण्यांकडे जातात, कारण नव्या जोडणीचं उद्घाटन होतं. तुझं ते कंबोडियाच्या राजधानीचं, नॉम पेनचं पालुपद मला पाठ आहे: एक सोन चान १९९३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख म्हणून आले तेव्हा तिथलं सत्तर टक्क्यांच्या वर पाणी गळतीत आणि चोरीत जात होतं, ते त्यांनी सहा टक्क्यांच्या आसपास आणलं. नवीन धरण बांधून नव्हे, तर पाइप दुरुस्त करून, मीटर लावून, आणि स्वतःच्या लोकांना आधी शिस्त लावून. मीटर बसवायला गेले तर एका सेनाधिकाऱ्याने पिस्तूल रोखलं, हे तू दर वेळी उभं राहून सांगायचास. पालुपद म्हणून मी हसायचो. कामांच्या यादीत आता मी जुन्या लाइनी बदलणं वर घेतलंय, नव्या जोडण्या खाली. यावरून भांडण होणार आहे, होऊ दे.

मसुद्यावर मी सही केली नाही. दुसरा लिहिला. त्यात मामांची खोटी नोंद आहे, तारखांसह. त्यांचे दोन अर्ज आहेत, माझा शेरा आहे, माझं परिपत्रक जोडपत्रात आहे. "साहित्य वेळेत न पुरवण्याची आणि चुकीचा आदेश काढण्याची जबाबदारी माझी" हे वाक्य तीन वेळा लिहिलं, दोनदा "प्रशासनाची" असं झालं होतं. आता "माझी" आहे. परिपत्रक भिंतीवरून काढलं. नवीन सूचना एका ओळीची: टेस्ट झाली नसेल तर "टेस्ट नाही" लिहा आणि कारण लिहा. काल मामांच्या वहीत पाहिलं: ०.३, ०.२, "टेस्ट नाही, नळाला पाणी नव्हतं", ०.४. अक्षर थरथरतं होतं, एक खाडाखोडही होती.

मसुदा सोबत जोडलाय. वाच, आणि जिथे मी पळवाट काढलीय असं वाटेल तिथे लाल खूण कर. सोमवारी द्यायचाय. मामांचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही, आणि याच काळजीने झोप लागत नाही. निवृत्तीवेतन अडकलं तर काय तोंड दाखवू त्यांना? तुला याबाबत नियमांतलं काही माहीत असेल तर कळव.

तुझी नवी जागा कशी आहे? वहिनींची बदली झाली का? छोटीची परीक्षा याच महिन्यात होती ना? अण्णांच्या डोळ्यांचं काय झालं? सगळं एका दमात विचारतोय, राग मानू नकोस. सविस्तर तुझ्या तोंडून ऐकायचंय.

शनिवारी रात्री नऊला फोन करतो. या वेळी खरंच करतो. आणि माझी छत्री अजून तुझ्याकडेच आहे.

तुझाच,
मी