भाऊ, तुम्ही प्रोजेक्टर विकला नाही म्हणून

भाऊ, नमस्कार.

तुम्ही म्हणाल मॅडमला फोन करता येत नव्हता का. पण फोनवर तुम्ही "हाव हाव, ठेवा आता, गिऱ्हाईक आलं" म्हणून कट करता, आभाराचं तर एक अक्षर ऐकून घेत नाही, म्हणून असं उघडं लिहून राहिली. चार लोकं वाचतील, त्यातलं कोणी तरी मोबाइल घेऊन दुकानावर येईलच तुम्हाला वाचून दाखवायला.

मागच्या दिवाळीनंतर मी तुमच्या रिपेअरिंगच्या दुकानावर आली ती शाळेसाठी प्रोजेक्टर घ्यायला. लोकांच्या हातात सोयाबीनचा पैसा होता, बचत गटापासून ते पानठेल्यापर्यंत सगळ्यांनी वर्गणी दिली होती आणि माझ्या डोक्यात एकच, की तालुक्याच्या शाळेत आहे तसा भिंतभर पडदा आपल्या पोट्ट्यांना पण पाहिजे. तुम्ही किंमत सांगायच्या आधी विचारलं, "वर्गावर कौलं हाय का टिन? खिडक्याईले पडदे हाय का?" मी म्हटलं टिन आहे, आणि पडदे कुठले, एका खिडकीला तर पल्लाच नाही. तुम्ही काउंटरवरचा डबा उचलून मागच्या फळीवर ठेवून दिला. म्हणे, "दिवसा उजेडात काही दिसत नाई त्याच्यावर. अंधार कराल तं पोट्टे उकडून मरतील. पैसे कायले घालवता?"

खरं सांगू, तेव्हा राग आला होता. वाटलं बाई माणूस पाहून शिकवून राहिले. मग तुम्ही वापरलेला ३२ इंची टीव्ही, एक स्टॅबिलायझर आणि लॅपटॉपला जोडायची लांब केबल एवढंच दिलं आणि वर्गणीतले निम्म्यावर पैसे वाचले. (केबलचे पैसे मात्र तुम्ही एक रुपया कमी केले नाही, तेही लक्षात आहे.) स्टॅबिलायझर कशाला लागते ते मला पंधरा दिवसांत समजलं, शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या गावात लाईट अशी काही खालीवर होते की पंखा कधी विमान तर कधी बैलगाडी. शेजारच्या घरचा टीव्ही त्यातच गेला. आमचा अजून चालू आहे.

पण टीव्ही ही लहान गोष्ट झाली. माझी गाडी अडली होती ती नेटवर. शाळेत टावर येत नाही, मारुतीच्या पारावर येते, आता आठवीचा वर्ग काय पारावर भरवू? ट्रेनिंगमध्ये जे जे दाखवलं ते सगळं "लिंकवर क्लिक करा" पासून सुरू होणारं, म्हणजे आमच्यासाठी तिथंच संपणारं. तुम्ही तेव्हा एक साधी गोष्ट बोलले, "मॅडम, नेट शाळेत आणू नका, शाळेचं काम नेटकडे आणा." म्हणजे जे लागते ते संध्याकाळी दुकानाच्या वायफायवर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हमध्ये गावात न्या, जसं आपण दळण नेतो आणतो. दुकानाचं शटर अर्धं पाडून तुम्ही मागं सोल्डरिंग करत बसायचे आणि मी पुढं लॅपटॉप घेऊन, असे किती बुधवार झाले मला मोजता येत नाही. घरी आमचे हे म्हणायचे, तू शिक्षिका आहे का मेकॅनिक.

बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत हे मला माहीत होतं, पण ते स्कॅन करून सरकारच्या दीक्षा ॲपमधले धड्यांचे व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवता येतात, मग वर्गात नेट नसलं तरी चालते, हे मी २०१७ पासून ॲप असूनही कधी करून पाहिलं नव्हतं. आम्हा शिक्षकांपैकी किती जणांनी पाहिलं असेल कोण जाणे, कारण आमचा मोबाइलचा सगळा वेळ माहिती भरण्यात जाते, आज हा फॉर्म, उद्या तो फोटो.

आणि ते फेट, विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून पाहायची वेबसाइट. कोलोरॅडो विद्यापीठातलं, कार्ल वायमन नावाच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलवाल्या माणसानं २००२ मध्ये सुरू केलेलं, मराठीतही आहे आणि एकेक सिम्युलेशन उतरवून घेता येते. वर्गात हे सांगितलं तर पोट्ट्यांचा पहिला प्रश्न, "मॅडम, मंग ते फुकट काहून देते?" आठवीला धाराविद्युत आहे, त्यासाठी मी विद्युत परिपथाचं, म्हणजे सर्किटचं, उतरवलं होतं, त्यात सेल, बल्ब, वायर ओढून आणायच्या आणि जोडायच्या. मी नीट एकेक पायरी फळ्यावर लिहून आणली होती पण पहिल्याच पोट्ट्यानं माऊस हातात घेऊन बल्ब वगळला आणि वायर सरळ सेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला लावली. स्क्रीनवर सेलनं पेट घेतला! अख्खा वर्ग उभा. मागून आवाज आला, "हे तं आपल्या डीपीवानी झालं!"

त्या तासाला मी फळ्यावरच्या पायऱ्या पुसून टाकल्या. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, का जळते, आकडा टाकला की काय होते, फ्यूजच्या जागी जाड तार बांधली की काय होते, सगळं त्यांच्याच घरचं निघालं, मला फक्त करंट, रोध हे शब्द पुरवावे लागले. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान बंद ठेवून स्वतः आले, पिशवीत जळालेले तीन बोर्ड, एक फुटलेला कपॅसिटर आणि फ्यूज घेऊन. स्क्रीनवरची आग पाहून पोरं हसली होती, तुमच्या हातातला काळा पडलेला बोर्ड हुंगून पाहताना मात्र कोणी हसलं नाही. तुम्ही म्हणाले मला शिकवता येत नाई, मी फक्त दाखवतो. बरं.

सगळंच जमलं असं नाही हो. दुसरी-तिसरीच्या लेकरांसाठी ते वाचून घेणारं रीड अलाँग ॲप घेतलं तर एका खोलीत तीन वर्ग, इतका गलका की फोनला बिचाऱ्याला कोणाचं ऐकावं समजेना. आता एकेक पोरगं व्हरांड्याच्या टोकाला पाठवते, तेवढं ठीक चालते. आणि मोबाइलवरची प्रश्नमंजूषा तर सोडूनच दिली, एका मोबाइलवर अकरा पोट्टे वाकले की उत्तर एकच जण देते, बाकीचे त्याच्या खांद्यावर जागा मिळवण्यात.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी लिहायला बसली. गूगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रहाची चित्रं एकामागून एक पाहता येतात, पण त्याला नेट लागते. तर तुम्ही त्या रात्री दुकानावर बसून स्क्रीन रेकॉर्डिंग करून दिलं, आधी लोणार, जवळपास १.८ किलोमीटरचा तो गोल खड्डा, आणि मग आपलं बेंबळा धरण. मी तुम्हाला फक्त लोणार म्हटलं होतं. बेंबळा तुम्ही आपल्या मनानं टाकलं.

वर्गात लोणार छान झालं, उल्का, बेसाल्ट, खारं पाणी, पोरांना मजा आली. मग बेंबळा लागलं. नदीची बारीक रेघ, आजूबाजूला वावरं, वर्षं पुढं सरकतात आणि एका ठिकाणी ती रेघ फुगते, निळं पसरत जाते आणि वावरं दिसेनाशी होतात. मी "जलाशय" शब्द लिहायला फळ्याकडे वळली तर दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उठून टीव्हीजवळ आली आणि निळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "माह्या मायचं गाव अठी होतं." मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही. तिनं ते मागं घ्यायला लावलं, परत पुढं, परत मागं, सहा-सात वेळा. पोट्टे एरवी एक मिनिट गप्प बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली, मजुरीचा अर्धा दिवस पाडून, आणि मलाही दाखवा म्हणाली. दाखवलं. पाहता पाहता ती विहीर कुठं, शाळा कुठं, वडाचं झाड कुठं हे हवेत हातानं सांगत गेली आणि मग पोरांनी तिच्या सांगण्यावरून कागदावर त्या गावाचा नकाशा काढला, दिशा आणि सूची सकट. तो आता वर्गात टीव्हीच्या वर लावला आहे. तुम्ही पुढच्या वेळी आले की बघा.

हे तुम्हाला फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं.

तर भाऊ, लय लय आभार. पोट्ट्यांनी घराघरांतून बिघडलेले चार्जर, टॉर्च आणि एक रेडिओ जमा करून ठेवला आहे, तुम्ही कधी येता म्हणून रोज विचारून राहिले, कापूस वेचणी सुरू व्हायच्या आत एक दिवस काढा कारण मग अर्धा वर्ग वावरात असते. आणि येताना टीव्हीचा रिमोट आणा. पुन्हा हरवला.

तुमची,
आठवीवाली मॅडम