एसएमपीएसचे वॅट : खोक्यावरचे आणि लेबलवरचे

प्रति,
मा. संपादक,

विषय : संगणकाच्या एसएमपीएसच्या जाहिरातींतील वॅटचे आकडे

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर संगणक विक्रेत्यांच्या जाहिराती वाढू लागल्या असून, त्यांत '७५० वॅट', '१००० वॅट' असे ठळक आकडे मिरवणारे एसएमपीएस, म्हणजे भिंतीतील वीज संगणकाच्या भागांना लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून देणारे डबे, स्वस्तात देऊ केलेले दिसतात. सांगली-मिरजेत लग्नाच्या व्हिडिओंचे मिक्सिंग करणारे स्टुडिओ, थ्रीडी आराखडे करणारी कार्यालये आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी महागडी ग्राफिक्स कार्डे बसवू लागल्यापासून या मोठ्या वॅटच्या मालाला गिऱ्हाईकही भरपूर आहे. मात्र १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात आणि जाहीर केलेले वॅट किती तापमानापर्यंत टिकतात, या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय नुसता वॅटचा आकडा छापणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अलीकडेच एका परिचिताच्या स्टुडिओत पाहिलेला एसएमपीएस नमुन्यादाखल घेतो. खोक्यावर '७५० वॅट' हा बोटभर उंचीचा आकडा होता. आतल्या लेबलवरील बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टपुढे ३२ अँपिअर, म्हणजे (१२ गुणिले ३२) ३८४ वॅट लिहिलेले होते, ३.३ आणि ५ व्होल्ट मिळून कमाल १२० वॅट आणि बाकीच्या दोन किरकोळ ओळींचे मिळून सुमारे १६ वॅट. उत्पादकाचा स्वतःचाच तक्ता खरा मानला तरी बेरीज ५२० वॅटच्या पुढे जात नाही. उरलेले २३० वॅट कोठून आले, याचा खुलासा कोठेही नव्हता. खोक्याच्या तळाशी 'पीक' (इंग्रजी peak, म्हणजे क्षणभराची कमाल) एवढा एक शब्द तेवढा होता.

त्यातही बेरजेपेक्षा १२ व्होल्टची ओळ महत्त्वाची आहे, कारण आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी जवळजवळ सगळी वीज तेथूनच घेतात. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅटचे आहे आणि इंटेलचा कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. दोन्ही मिळून सातशेच्या वर, म्हणजे १२ व्होल्टवर ५८ अँपिअरहून अधिक. हा संगणक ३२ अँपिअरच्या एसएमपीएसवर रेंडरिंगला (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्र तयार करण्याच्या जड कामाला) लावला तर तो मध्येच बंद पडणार. आणि नुसता बंद पडला तर नशीबच म्हणायचे, कारण भार वाढल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय स्वस्त मालात असेलच याची खात्री नसते.

'पीक'चा मुद्दा विक्रेते नेहमी पुढे करतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. ग्राफिक्स कार्ड क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, हे खरे आहे. इंटेलने २०२२ साली आणलेल्या एटीएक्स ३.० या संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या मानकात नव्या १६ पिनी कनेक्टरच्या मोठ्या एसएमपीएसने जाहीर क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा आहे. पण एवढ्या अल्पकाळ झटका सोसणे वेगळे आणि तासन् तास तेवढी वीज पुरवणे वेगळे. विहिरीवर मोटर बसवताना आपल्याकडचा शेतकरी नुसता एचपी विचारून गप्प बसत नाही, इतक्या हेडला (उंचीला) पाणी किती पडेल हेही विचारतो. संगणकाचा ग्राहक मात्र वॅटवरच थांबतो.

'८० प्लस' या शिक्क्याविषयीही गैरसमज आहेत. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही योजना केवळ कार्यक्षमता मोजते. ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा एसएमपीएस ४०० वॅटच देतो, असे काही दुकानदार सांगतात. ते चूक आहे. तो ५०० वॅटच देतो, फक्त त्यासाठी भिंतीतून ६२५ वॅट घेतो आणि मधल्या १२५ वॅटची उष्णता होते. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या या नासाडीच्या आहेत, ताकदीच्या नव्हेत. शिवाय ही चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत होते. एप्रिल-मेच्या दुपारी सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि बंद कॅबिनेटच्या आत त्याहून अधिक तापमान असते. म्हणूनच चांगले उत्पादक '४० अंशांना' किंवा '५० अंशांना पूर्ण क्षमता' असे स्वच्छ लिहितात. ज्यांच्या माहितीपत्रकात तापमानाचा उल्लेखच नाही, त्यांच्याकडे संशयाने पाहिलेले बरे.

दुकानात होणाऱ्या तपासणीबद्दल बोलायलाच नको. हिरवी आणि काळी वायर एका तारेने जोडायची, पंखा फिरला की 'माल ओके' म्हणायचे! त्यावरून एसएमपीएस मेलेला नाही एवढेच कळते. पूर्ण भार देऊन १२ व्होल्टची पातळी ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहते का आणि त्यावरील रिपल (व्होल्टेजमधील बारीक चढउतार) १२० मिलीव्होल्टच्या आत आहे का, हे पाहायला इलेक्ट्रॉनिक लोड (हवा तेवढा भार देणारे यंत्र) आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लागतो. वीज खंडित झाल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचे काही मिलीसेकंद एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर काढावे लागतात. तेही याच चाचणीत उघड होते.

विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बाजारातील पाच-सहा एसएमपीएस घेऊन अशी चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष आपण छापले, तर ग्राहकांची मोठी सोय होईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कोणालाही तक्रार नोंदवता येते. पण खोक्याचा फोटो दाखवून तक्रार करणाऱ्याने लेबलचाही फोटो जोडावा, कारण पुरावा तेथेच असतो. आपल्या जाहिरात विभागानेही वॅटचा आकडा छापण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्याच लेबलचा फोटो मागून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली