नुसती तारीख नको, चित्रपट कोणाच्या हातचा आहे तेही छापा

प्रति,
मा. संपादक,

विषय : आगामी ॲनिमेशनपटांच्या बातम्यांत स्टुडिओंची माहिती देण्याबाबत

महोदय,

आपल्या पुरवणीत २०२७ साली येऊ घातलेल्या ॲनिमेशनपटांची यादी मध्यंतरी प्रसिद्ध झाली. आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीने ती कापून कॅलेंडरशेजारी चिकटवली आहे. फेब्रुवारीत ‘आइस एज’चा सहावा भाग, जूनमध्ये ‘स्पायडर-व्हर्स’चा तिसरा आणि ‘श्रेक’चा पाचवा, नोव्हेंबरात ‘फ्रोझन’चा तिसरा, अशी ती यादी तिला आता तोंडपाठ आहे आणि शाळेतल्या मैत्रिणींमध्ये तिच्यावर रोज चर्चाही चालते. यादीतल्या तारखांबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापुरातील एका हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली असल्याने, हे चित्रपट काढतो आहे कोण, हा प्रश्न मात्र मला यादी वाचताक्षणी पडला आणि त्याचे उत्तर त्या संपूर्ण पानावर कुठेही नव्हते. हे पत्र त्यासाठी आहे.

‘आइस एज’चेच उदाहरण घेतो. २००२ ते २०१६ या काळात आलेले त्याचे पाचही भाग ब्लू स्काय या अमेरिकेतील स्टुडिओने केले. हा स्टुडिओ १९८७ साली सुरू झाला होता. त्याची मालकी फॉक्सकडे होती आणि मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय विकत घेतला, तेव्हा ब्लू स्कायही डिस्नेकडे गेला. दोन वर्षांनी, एप्रिल २०२१ मध्ये, तो कायमचा बंद करण्यात आला आणि तेथील सुमारे साडेचारशे जणांचे काम गेले. म्हणजे ज्या सहाव्या भागाची आपली मुले वाट पाहत आहेत, त्यातील प्राणी तेच असले, तरी ते प्राणी ज्यांनी घडवले तो स्टुडिओ आज अस्तित्वात नाही. ही माहिती यादीत एका ओळीत मावली असती.

त्या स्टुडिओच्या कलावंतांनी निरोप कसा घेतला, तेही येथे नोंदवतो. या मालिकेतील स्क्रॅट नावाची खार पहिल्या भागापासून एका ओकफळामागे धावत असते आणि ते तिला कधीच खायला मिळत नाही. स्टुडिओ बंद झाल्यानंतर वर्षभराने, एप्रिल २०२२ मध्ये, तेथील माजी कलावंतांनी एक छोटीशी चित्रफीत प्रसिद्ध केली. तिच्यात ती खार ते फळ अखेर शांतपणे खाते आणि निघून जाते. काही सेकंदांचेच काम आहे, परंतु मी ते नातीसोबत तीनदा पाहिले. आपण रेखाटलेल्या पात्राची भूक आपणच भागवावी, ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्याआधी, ही त्यांची इच्छा मला एक चित्रकार म्हणून पूर्ण समजते.

‘श्रेक’ची गोष्टही फारशी वेगळी नाही. २००१ सालचा पहिला भाग ड्रीमवर्क्सच्या नावावर असला, तरी त्याचे काम कॅलिफोर्नियातील पॅसिफिक डेटा इमेजेस या स्टुडिओत झाले होते. तो स्टुडिओ जानेवारी २०१५ मध्ये बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, ड्रीमवर्क्स ॲनिमेशन ही कंपनीच सुमारे ३८० कोटी डॉलरना कॉमकास्टच्या एनबीसी युनिव्हर्सलने विकत घेतली. पाचव्या भागाची पहिली झलक फेब्रुवारी २०२५ मध्ये आली तेव्हा पात्रांचे चेहरे बदलले आहेत अशी ओरड जगभरच्या चाहत्यांनी केली. अनेक वृत्तपत्रांनी ती पोरकट नाराजी म्हणून छापली. माझ्या मते चाहत्यांची नजर योग्य जागी पडली होती. मधल्या काळात माणसे बदलली, मालक बदलले, चित्रे काढण्याची साधने बदलली. मग रेषा बदलणारच. ती चांगली बदलली की वाईट, हे चित्रपट पाहिल्यावर ठरेल, परंतु ती का बदलली हे वाचकाला आधी कळायला हवे. या चित्रपटाची तारीखही जुलै २०२६ वरून डिसेंबर २०२६ आणि तेथून जून २०२७ अशी दोनदा पुढे गेली आहे. दर वेळी आपल्याकडे बातमी आली ती ‘चाहत्यांची निराशा’ एवढीच.

तारीख पुढे जाणे ही नेहमीच वाईट बातमी असते का, याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण घरातील मुलांना मला हेच पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. ‘स्पायडर-व्हर्स’चा दुसरा भाग जून २०२३ मध्ये आला. त्यावर हजाराच्या आसपास कलावंत काम करत होते. तो प्रदर्शित होताच त्यातील काही कलावंतांनी अमेरिकेतील एका नियतकालिकाला सांगितले, की पूर्ण झालेली दृश्ये पुन्हा पुन्हा बदलून घेतली गेली, आठवड्याचे सातही दिवस काम करावे लागले आणि सुमारे शंभर जण चित्रपट पूर्ण होण्याआधीच सोडून गेले. निर्मात्यांनी असे बदल हा चित्रपटनिर्मितीचा भागच असल्याचे म्हटले. तिसऱ्या भागासाठी तेव्हा २९ मार्च २०२४ ही तारीख जाहीर झालेली होती. अवघ्या नऊ महिन्यांत तसा दुसरा चित्रपट उभा राहणे शक्य नाही, हे चित्रकलेची ग्रेड परीक्षा दिलेले मूलही सांगेल. ती तारीख रद्द झाली आणि आता जून २०२७ ठरला आहे. माझ्या नातीला या तीन वर्षांचे वाईट वाटले. मला समाधान वाटले, कारण चित्राला लागतो तेवढा वेळ दिल्याशिवाय ते उतरत नाही आणि तो वेळ दिला नाही, तर तो कोणाच्या तरी झोपेतून काढला जातो.

बदल म्हणजे नुकसानच, असेही माझे म्हणणे नाही. ब्लू स्काय बंद झाला तेव्हा तेथे ‘निमोना’ नावाचा चित्रपट अर्धवट राहिला होता. तो दुसऱ्या निर्मात्यांनी उचलला, त्याचे ॲनिमेशन भारतातही स्टुडिओ असलेल्या डीएनईजी या कंपनीने केले, जून २०२३ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. डिस्नेमध्ये ‘फ्रोझन’च्या दिग्दर्शिका जेनिफर ली यांनी २०२४ साली ॲनिमेशन स्टुडिओचे सर्जनशील प्रमुखपद सोडले, ते ‘फ्रोझन’च्या पुढील भागांकडे पूर्ण लक्ष देण्यासाठी. अधिकाराची खुर्ची सोडून पुन्हा दिग्दर्शनाच्या कामाला बसणे, हा बदल मुलांपुढे ठेवण्यासारखा आहे.

आणि स्टुडिओ बदलला म्हणजे काय होते, हे कोल्हापूरकरांना दूरच्या उदाहरणांवरून शिकण्याची गरज खरे तर पडू नये. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि १९२९ मध्ये सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी याच शहरात प्रभात ही चित्रपट कंपनी काढली. ‘अयोध्येचा राजा’ येथे तयार झाला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि तिच्याबरोबर कितीतरी रंगारी, सुतार, वेशभूषाकार यांचे नशीब गेले. याच प्रभातने पुढे पुण्यात ‘जंबूकाका’ हा छोटा व्यंगचित्रपट काढला. भारतीय ॲनिमेशनच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याचे नाव घेतले जाते. तो येथे झाला असता तर, हा विचार खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना माझ्या मनात अजूनही येतो. २०२२ मध्ये जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीची बातमी बाहेर आली तेव्हा कलावंत आणि सामान्य नागरिक आंदोलनाला बसले. आपल्या दैनिकाने ते वृत्त दिवसेंदिवस पहिल्या पानावर दिले, याबद्दल मी आपला आभारी आहे. तीच जाणीव ॲनिमेशनच्या बातमीत का दिसू नये, एवढेच माझे विचारणे आहे.

हा विषय माझ्यासाठी केवळ वाचनातला नाही. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळवलेला माझा एक विद्यार्थी पुढे परदेशी चित्रपटांचे काम घेणाऱ्या एका कंपनीत लागला. दृश्यातील प्रकाशयोजना हे त्याचे काम. कंदिलाचा उजेड भिंतीवर कसा पडतो, हे त्याने आमच्या वर्गात स्थिरचित्र काढताना शिकले होते आणि तसे त्याने मला फोनवर आवर्जून सांगितले होते. एके दिवशी ती कंपनी बंद झाली. शेवटच्या पगारासाठी त्याला महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागले. त्याने काम केलेला चित्रपट मात्र त्यानंतरच पडद्यावर आला आणि आम्ही येथील एका चित्रपटगृहात तो पाहायला गेलो. शेवटी नावांची पट्टी सुरू होताच दिवे लागले, सफाई करणारे आत आले आणि त्याचे नाव येण्याआधीच पडदा बंद करण्यात आला. ते नाव पुढे मी घरच्या दूरचित्रवाणीवर चित्र थांबवून वाचले. सबंध चित्रपटाच्या पाठीशी असलेली माणसे अशी अंधारात राहतात, आणि म्हणून वृत्तपत्रातील चार ओळींना मी एवढे महत्त्व देतो.

आपल्याकडील चित्रपटांनाही हीच कसोटी लावावी. अश्विन कुमार यांच्या ‘महावतार नरसिंह’ने जुलै २०२५ पासून तीनशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला. तो आकडा सर्वांनी छापला, पण तो घडवणाऱ्या क्लीम प्रॉडक्शन्समधील चित्रकारांविषयी मला फार थोडे वाचायला मिळाले. याच मालिकेतील परशुरामांवरील चित्रपट २०२७ साठी जाहीर झालेला आहे. त्या वेळी हे काम आधीच नोंदवता येईल. चित्रपट कोणत्या भाषांत येणार, हेही द्यावे. २०२३ चा ‘स्पायडर-व्हर्स’ मराठीसह दहा भाषांत आला होता, आणि ही गोष्ट माझ्या ओळखीतील अनेक पालकांना तो उतरून गेल्यावर कळली.

माझी विनंती अशी आहे, की आगामी ॲनिमेशनपटाची बातमी देताना तारखेबरोबर दिग्दर्शक, प्रत्यक्ष काम करणारा स्टुडिओ, आधीच्या भागानंतर त्या स्टुडिओत झालेला बदल आणि मराठी आवृत्ती आहे की नाही, एवढा मजकूर चौकटीत द्यावा. आपल्या प्रतिनिधीला या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांशी बोलायचे असल्यास मी त्यांची गाठ घालून देईन. ती मुले पुण्यात आणि बेंगळुरूत असतात, परंतु गणपतीला बहुतेक जण घरी येतात. त्या आठवड्यात माझ्या घरी सर्वांना एकत्र बसवता येईल.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर