नामवंत शिकाऱ्यांचे धनुष्य आणि सातपुड्यातली पोरं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

धडगाव-मोलगीपासून शिरपूर-चोपड्यापर्यंतच्या सातपुडा पट्ट्यात तीरकामठा पुन्हा तरुणांच्या हातात दिसू लागला आहे. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती त्यांच्या गुरूंची. हे गुरू आता मोबाइलमध्ये आहेत: हॉवर्ड हिल, फ्रेड बेअर, सॅक्स्टन पोप यांच्यासारखे अमेरिकेतले गाजलेले धनुर्धारी शिकारी आणि त्यांची नक्कल करणारे आजचे व्हिडिओवाले. ही माणसे मोठी होती याबद्दल वाद नाही. पण भक्ती जडली की मुले त्यांचे फक्त दिसणारे उचलतात, म्हणजे जाड धनुष्य, झटकन सुटणारा तीर आणि लांबचा नेम. त्यामागचे मोजमाप कोणी विचारत नाही. त्यातून खांदे बिघडतात, कामठे मोडतात आणि काही जण गुन्ह्याच्या दारापर्यंत जातात.

सगळ्यात जास्त नुकसान ताणाच्या, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराच्या, हौसेने होते. हिल यांनी हत्तीच्या शिकारीसाठी शंभर पौंडांच्या वरचे धनुष्य वापरले, हे ऐकले की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपला तीस पौंडांचा कामठा खेळण्यातला वाटायला लागतो. शंभर पौंड म्हणजे ४५ किलो. हिल धिप्पाड होते आणि धनुष्य त्यांच्या हातात लहानपणापासून होते. आपल्याकडचा मुलगा एकदम पन्नास पौंड ओढायला गेला की पाठीचे स्नायू कामाला लागतच नाहीत. खांदा वर चढतो, कोपर खाली पडते आणि सगळा भार खांद्याच्या सांध्यातल्या बारीक स्नायूंवर येतो. आधी रात्री त्या कुशीवर झोपताना दुखते, मग हात डोक्यावर नेताना कळ येते. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कच्ची असतात, त्यामुळे तिथे झालेली इजा पुढे बराच काळ त्रास देते.

ताण मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कापूस वेचणीच्या वेळी घरोघर निघतो तो टांगता काटा पुरतो. काट्याचा आकडा दोरीच्या मध्यात अडकवायचा, मूठ दुसऱ्याने घट्ट धरायची आणि दोरीपासून मुठीच्या पुढच्या कडेपर्यंत आपल्या ओढीइतके, म्हणजे आपण दोरी जिथवर मागे नेतो तितके, अंतर होईपर्यंत सावकाश ओढायचे. काट्यावरच्या किलोंना २.२ ने गुणले की पौंड मिळतात. आपली ओढ किती ते काढण्यासाठी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे इंच मोजावेत आणि अडीचने भागावेत. ६५ इंच आले तर ओढ २६ इंच. बाजारातल्या धनुष्यावर लिहिलेला ताण बहुधा २८ इंचांवरचा असतो आणि दर इंचाला दोन-तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणून '४५ पौंड' असे लिहिलेले धनुष्य या मुलाच्या हातात चाळीसच्या आसपास भरते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने १५ पौंडांपासून आणि मोठ्याने २५ ते ३० पौंडांपासून सुरुवात करावी. वाढवताना एका वेळी पाच पौंडांच्या वर जाऊ नये. कामठा पूर्ण ओढून पाच आकडे मोजेपर्यंत हात थरथरला नाही आणि सलग सहा तीरांना तसेच जमले, तरच तो ताण आपला. बांबूचा कामठा याहून जास्त वेळ ताणून धरू नये, त्याची उसळी मरते.

बांबूच्या कामठ्याची लांबी ओढीच्या दुपटीहून बरीच जास्त हवी. २६ इंच ओढीला साधारण ६० इंच. व्हिडिओत फायबरग्लासचे आखूड धनुष्य पाहून मुले मानवेल बांबूचा कामठा आखूड करतात, वर ओढ वाढवतात, आणि तो तोंडाजवळ फुटतो. रिकामी दोरी सोडण्याची सवयही तिथलीच. तीर नसला की सगळी ताकद कामठ्यातच राहते आणि तो चिरतो. फार हलका तीर लावला तरी थोडेफार तसेच होते. पारंपरिक धनुष्याला पौंडामागे दहा ग्रेन वजनाचा तीर हे सुरक्षित माप आहे. ३५ पौंडांना ३५० ग्रेन, म्हणजे पावणेतेवीस ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या काट्यावर हे दोन मिनिटांत कळते.

तीराच्या लवचीकतेकडे, म्हणजे स्पाइनकडे, तर कोणीच बघत नाही. सुटताना तीर कामठ्याला वळसा घालून वाकतो आणि मग सरळ होतो. ते वाकणे ताणाशी जुळावे लागते. एखाद्या नामवंताच्या जड धनुष्याचा ताठ तीर ३५ पौंडांच्या कामठ्यावर चढवला, तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तीर डावीकडे जातो आणि कामठ्याच्या कडेला घासतो. फार लवचीक तीर उजवीकडे जातो. मुलगा मात्र नेम चुकला असे समजून स्वतःची मुद्रा बिघडवत बसतो. याहून गंभीर म्हणजे तडा गेलेला तीर. कार्बनचा असो वा बांबूचा, प्रत्येक वेळी लावण्याआधी दोन्ही टोके धरून हलका वाकवावा आणि कानाजवळ नेऊन करकर ऐकावी. बांबूच्या तीराला दोरी बसते त्या खाचेच्या लगेच खाली दोऱ्याचे घट्ट वेटोळे हवेच, नाहीतर खाच उभी चिरते. तडकलेला तीर सुटताना फुटला तर त्याची कांडी कामठा धरलेल्या हातात घुसते.

आता झटपट सोडण्याबद्दल. चित्रफितीत नामवंतांचा हात गालाला लागतो न लागतो तोच तीर गेलेला असतो. हजारो तीरांनंतर त्यांचा हात दर वेळी त्याच जागी पोहोचत असे, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. नवख्याचा हात एकदा हनुवटीपर्यंत येतो, तर एकदा त्याच्या इंचभर आधीच सुटतो. ओढीतला तेवढा फरक ताणात दोन-तीन पौंडांचा, आणि तीर वर-खाली. पुढे पुढे निशाण दिसताच बोटे आपोआप सुटू लागतात आणि ठरवूनही थांबत नाहीत. ही सवय मोडायला कडब्याच्या जाड गंजीसमोर दोन-तीन मीटरवर उभे राहावे, निशाण अजिबात लावू नये, अँकरवर, म्हणजे हनुवटी-गालाजवळ हात टेकण्याच्या ठरलेल्या जागी, तीन मोजावेत आणि मग सोडावे. असे काही आठवडे करावे लागते. गंजीमागे मातीचा बांध हवा, कारण कडब्यातून तीर आरपार जातो. हिल 'नुसत्या अंदाजाने' मारत, असे त्यांचे भक्त सांगतात. प्रत्यक्षात नजर लक्ष्यावर ठेवून खाली अंधूक दिसणारे तीराचे टोकही आपण पाहतो आणि दोहोंमधले अंतर धरतो, असे त्यांनी स्वतः समजावून सांगितले आहे. भक्तांनी गुरूचे शब्द बाजूला ठेवून फक्त चमत्कार घेतला.

लांबच्या नेमाचा हिशेबही मांडून पाहावा. चांगल्या साध्या धनुष्याचा तीर सेकंदाला ५० मीटर जातो असे धरू. ३६ मीटरवर पोहोचायला त्याला ०.७ सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सरळ रेषेपासून अडीच मीटर खाली येतो. अंतराचा अंदाज तीन मीटरने चुकला, तर तीर वीतभर खाली लागतो. १५ मीटरवर तीच चूक दहा सेंटीमीटरची असते. शिवाय दोरीचा आवाज जनावराच्या कानी ०.१ सेकंदात पोहोचतो, म्हणजे तीर येईपर्यंत ते वळलेले असते. बाण बंदुकीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. वीतभर चुकलेला बाण म्हणजे पोटात पाते घेऊन कित्येक तास पळणारे जनावर. गाजलेल्या लांब नेमाच्या गोष्टीत असे चुकलेले किती, हे सांगितलेले नसते.

त्या शिकारींमागची व्यवस्थाही गोष्टीतून गळते. पोप आणि आर्थर यंग १९२५ साली आफ्रिकेत सिंहांवर बाण चालवायला गेले तेव्हा सोबत रायफलवाले होते. बेअर यांची स्वतःची धनुष्यांची कंपनी होती, म्हणजे त्यांच्या शिकारीची चित्रे त्यांच्या मालाची जाहिरातही होती. आजही तिथे परवाना असतो, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरे मारायची तेही ठरलेले असते. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्न, सापळा लावणे, हाकारा करणे हीसुद्धा शिकारच आहे. ससा, तितर, रानडुक्कर, नीलगाय यांतले काहीही 'सरावासाठी' चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड एक लाखापर्यंत. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद किमान तीन आणि कमाल सात वर्षे. हत्यार आणि गाडी जप्त होते ती वेगळीच. रानडुकराने मका लोळवला तर राग येणारच, पण त्याला रस्ता वनविभागाकडे पंचनामा आणि भरपाईचा आहे. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला पाहून रात्री शेतात तीर घेऊन बसलेल्या पोराची जामिनासाठीची धावपळ शेवटी आईबापच करतात.

पोप यांना ही विद्या दिली कोणी, हेही मुलांना सांगायला हवे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस इशी लोकांसमोर आला. विद्यापीठातले सर्जन असलेले पोप त्याच्याकडून धनुष्य शिकले. इशीचे धनुष्य पंचेचाळीस पौंडांच्या आसपासचे होते. त्याचा भर ताणावर नव्हता, वारा पाहून, दबकत, जवळ जाण्यावर होता. तो १९१६ मध्ये क्षयाने गेला. आज शिकाऱ्यांचा मोठा क्लब पोप आणि यंग यांच्या नावाने आहे, इशीच्या नावाने नाही. आपल्या भिल्ल-पावरा पाड्यांवर तेच घडते आहे. मानवेल कधी तोडावा, किती वाळवावा, बांबूच्याच पट्टीची दोरी कशी काढावी, हे जाणणारे आजोबा ओट्यावर बसलेले असतात आणि नातू परदेशी माणसाकडून तेच अर्धवट शिकत असतो.

एकलव्याचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते आणि घेतलेच पाहिजे. त्याला गुरू नाकारला गेला म्हणून त्याने पुतळ्यापुढे सराव केला. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्या मुलांपुढे आहे. पुतळा असो की मोबाइल, घसरलेले कोपर हाताने उचलून सरळ करणारे कोणीतरी शेजारी लागतेच. राजस्थानचे लिंबाराम १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिके खेळले. त्यांचा लहानपणीचा बांबूचा कामठा सगळे सांगतात. १९८७ च्या निवड चाचणीनंतर प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालेला सराव क्वचितच कोणी सांगते.

नऊ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या, मिरवणुकांबद्दलही लिहिणे भाग आहे. छायाचित्रासाठी तीर लावून कामठा ओढला जातो, कधी आभाळाकडे सोडलाही जातो. वर गेलेला तीर त्याच गर्दीत उतरतो. हिल यांनी माणसाच्या डोक्यावरचे फळ तीराने उडवून दाखवले होते, तो प्रयोग कोणीही, कुठल्याही टोकाच्या तीराने करू नये. मिरवणुकीत कामठा न्यावा, खांद्यावर अभिमानाने न्यावा, तीर मात्र पात्यांविना आणि बांधलेले असावेत.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. एखाद्या मुलाने पदक आणले की 'आधुनिक एकलव्य' असा मथळा येतो आणि बातमी तिथेच संपते. यापुढे अशा बातमीत धनुष्य कोणते, ताण किती, अंतर किती, किती तीरांपैकी किती लागले आणि शिकवले कोणी, एवढे जरूर छापावे. जिथे शिकवणारा पाड्यावरचा जुना जाणता माणूस असेल, तिथे त्याचे नाव आणि त्याचा फोटोही मुलाच्या शेजारी यावा.

आपले,
शहादा, तळोदा व शिरपूर परिसरातील काही तिरंदाजी प्रशिक्षक