रोव्हरची चाके आणि मंगळाची जमीन

संपादक महोदय,

मंगळावर रोव्हर (तिथे फिरणारी यंत्रगाडी) रुतला की चाके जोरात फिरवावीत, असा समज आहे. वाळूत ते घातकच. घसरणारे चाक खालची वाळू उकरते आणि आणखी खोल जाते. ‘नासा’चा ‘स्पिरिट’ रोव्हर २००९ मध्ये असाच रुतला. त्यात त्याचे पुढचे उजवे चाक २००६ पासूनच बंद होते! खडकाळ जमिनीचे दुखणे निराळे. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरच्या अ‍ॅल्युमिनियम चाकांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. मागची चाके ढकलतात, पुढचे चाक टोकदार दगडावर दाबले जाते, पत्रा फाटतो. २०१७ मध्ये त्याच्यासाठी वापरात आलेली आज्ञावली (सॉफ्टवेअर) चढउतार पाहून प्रत्येक चाकाचा वेग बदलते आणि हा दाब कमी करते. नंतरच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हरला जाड पत्र्याची, हलक्या वळणाच्या ४८ उठावदार पट्ट्यांची चाके दिली, हे योग्यच झाले.

– एक अभियंता वाचक